सहा इंची डॉबसोनियन दुर्बीण: यवतमाळकडच्या आवारातून रिव्ह्यू

पहिलेच सांगून ठेवतो, हा रिव्ह्यू ग्रह पाहणाऱ्यांसाठी आहे. नेब्युला (तेजोमेघ), दीर्घिका वगैरेसाठी कोणी वाचत असेल तं त्याच्याबद्दल मधे कुठंतरी दोन ओळी सापडतील, बाकी सगळं गुरू, शनी, मंगळ, शुक्र आणि थोडासा चंद्र. दुर्बीण आहे सहा इंची डॉबसोनियन, म्हणजे आरसा १५० मिलिमीटरचा, फोकल लेंथ (आरशापासून चित्र जुळतं तिथवरचं अंतर) १२०० मिलिमीटर, मोटर नाही, जीपीएस नाही, हातानं ढकलायची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं तक्रारी आहेत, आणि तसंही या साईजच्या डॉब दोन-चार नावांनी विकायला असतात, आतून फार काही वेगळ्या नसतात. किंमत म्हणाल तं एक बरा स्मार्टफोन येईल तेवढी. घरी हे सांगितल्यावर बायकोचं म्हणणं पडलं, "मंग फोनच घेतला असता, बोलता तरी आलं असतं."

गावात पाहायला येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, कितीक पट दिसते? आणि हाच प्रश्न चुकीचा आहे, दुकानदारही याच प्रश्नावर लोकांना गंडवतात. ऑनलाईन साठ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या दुर्बिणी येतात, त्याच्या खोक्यावर ५२५ पट लिहिलेलं असतं आणि वर शनीचा असा फोटो छापलेला की जसा यानातूनच काढला. ढोबळ हिशोब असा की आरसा किंवा भिंग जितक्या मिलिमीटरचं त्याच्या दुप्पट पट, त्याच्यावर गेलं की चित्र मोठं होतं पण आत नवीन काही दिसत नाही, नुसतं धुरकट. म्हणजे साठवाल्याचा दम १२० पटीतच संपला, ५२५ कुठून आणणार? माझ्या दीडशेवाल्याची हद्द कागदावर ३०० पट, पण आपल्या डोक्यावरची हवा तेवढं करू देत नाही, बहुतेक रात्री १२० ते २०० मधेच सगळा खेळ. म्हणून ज्याला घ्यायची आहे त्यानं आरशाचा व्यास विचारा, पट विचारूच नका.

डिलिव्हरीचं तं काय सांगू. आमच्या पिनकोडवर देत नाही म्हणाले, मग यवतमाळच्या ट्रान्सपोर्टवर टाकायला लावलं, तिथून मित्राच्या पिकअपमधे कापसाच्या गाठोड्यांवर ठेवून आणली. दोन खोके, एकात नळी, एकात बेसच्या फळ्या. बेस जोडायला एल आकाराची ॲलन की येते आणि एक कागद येतो त्याच्यावर इंग्रजी अक्षर मुंगीएवढं. कागदापेक्षा यूट्यूब बरं, तासाभरात जोडून होते. नळी सव्वा मीटरच्या जवळपास लांब, बेस धरून पंधरा-सोळा किलो, एकट्या माणसाला दोन चकरांत खोलीतून आवारात नेता येते. समोरच्या काकाजीनं पांढरी नळी पाहून गेटातूनच विचारलं, "काऊन गा, बोअर मारून राह्यला का?" केसिंग पाईपसारखी दिसते खरी.

आता मुख्य गोष्ट, गुरू. २०२५-२६ चा पूर्ण हिवाळा गुरू मिथुनेत होता, १० जानेवारी २०२६ ला तो सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला तो, आणि आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडून तो जवळजवळ डोक्यावरून जायचा. याचा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. आपलं अक्षांश वीस-एकवीस आणि गुरू तेव्हा आकाशाच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला बावीस-तेवीस अंशांवर, म्हणजे त्याचा प्रकाश सगळ्यात पातळ हवेतून सरळ खाली यायचा. युरोपातले हौशी लोक तोच गुरू तिरप्या, जाड हवेतून पाहतात. आपल्याकडं पैसा कमी असेल, दुकान जवळ नसेल, पण ही गोष्ट फुकटात मिळून राहिली ना.

पंचवीस मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की ४८ पट, त्याच्यात गुरू आणि त्याचे चारही मोठे चंद्र एका रेघेत दिसतात, आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो, गॅलिलिओनं जानेवारी १६१० मधे पाहिले ते. आयोला एक फेरी मारायला बेचाळीस-साडेबेचाळीस तास लागतात त्यामुळं संध्याकाळी एका जागी पाहिला आणि जेवून येऊन पाहिला तं सरकलेला असतो, पोरांना हे फार आवडते, वहीत टिंबं मांडून ठेवतात. दहाचा लावला की १२० पट. इथं एक गंमत आहे जी मी सगळ्यांना हिशोब करून दाखवतो. या पटीत गुरूची चकती नुसत्या डोळ्याला चंद्र जेवढा दिसतो त्याच्या तिप्पट रुंद होते, पण पाहणारा माणूस म्हणणार, "एवढूसाच?" कारण आजूबाजूला काळ्या अंधाराशिवाय काही नसते, तुलना कशाशी करणार. मी मग म्हणतो दोन मिनिटं डोळा हलवू नका, श्वास सोडा, बोलू नका. मग हळूहळू दोन तपकिरी पट्टे दिसतात, मग त्या पट्ट्यांच्या कडा, आणि हवा जागेवर असली तं तो प्रसिद्ध लाल डाग, जो लाल वगैरे काही नाही, फिक्कट केशरी म्हणा फार तं. गुरू दहा तासाच्या आत स्वतःभोवती फिरतो म्हणून डाग कधी समोर असतो कधी मागं, ॲपवर वेळ पाहूनच बसायचं. सगळ्यात भारी म्हणजे एखाद्या चंद्राची सावली गुरूवर पडलेली असते तेव्हा, काळा टाचणीचा ठिपका, या सहा इंचीत साफ दिसतो, त्याच्यासाठीच एवढे पैसे वसूल असं माझं मत आहे.

पण हवा. ग्रह पाहणाऱ्यासाठी अंधारापेक्षा हवा मोठी, आणि हे गावात राहणाऱ्याला सांगावंच लागते कारण जो तो म्हणतो तुमच्याकडं अंधार आहे, मजा आहे. ग्रहांना अंधार लागतच नाही, नागपूरच्या धरमपेठेतूनही गुरू इतकाच दिसेल, ग्रामपंचायतीचा एलईडी डोळ्यावर येत असेल तं बारदाना आडवा टांगला की भागलं. अंधाराचा फायदा मृगातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका पाहताना, तिथं गावाला तोड नाही. ग्रहाला लागते स्थिर हवा. तारे लय लुकलुक करत असतील, उत्तरेकडून गार वारं सुटलेलं असेल, लोक म्हणतात काय मस्त स्वच्छ आकाश आहे, तेव्हा दुर्बिणीत गुरू उकळत असतो. आणि उलट, थोडं धुरकट, दमट, झाडाचं पानही हलत नाही अशा रात्री, जेव्हा आकाश पाहून कोणी म्हणणार नाही की आज काही दिसेल, तेव्हा पट्टे कोरल्यासारखे दिसतात. पहाटे चारनंतरची वेळ तं फारच चांगली, शेतात रातपाळीची थ्री फेज लाईट असली आणि मोटर चालू करायला उठावंच लागत असेल तं दोन्ही कामं होतात.

याच कारणानं स्लॅबवरून पाहू नका. पहिला मोह गच्चीचाच होतो, वर मोकळं, कुत्रे नाहीत. पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन असतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ती गरमी सोडत राहतो, तीच हवा थरथरत नळीच्या तोंडासमोरून जाते. आवारात माती, थोडं गवत, लिंबाचं आणि सीताफळाचं झाड, तिथं हा त्रास पुष्कळ कमी. मी तं संध्याकाळी बसायच्या जागेवर पाण्याचा सडा मारतो, मले तरी फरक वाटतो. शेजाऱ्याच्या गच्चीच्या वरून ग्रह पाहायची वेळ आली तं तो थोडा वर चढेपर्यंत थांबायचं. आणि नळी पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवायची, आरसा जाड काचेचा आहे, खोलीतला गरम आरसा बाहेरच्या थंडीत नेला की त्याच्यावरच हवेचा थर नाचतो. जानेवारीत हे फार जाणवते, मे महिन्यात घरातही भट्टी आणि बाहेरही भट्टी, तेव्हा उलट आरसा लवकर जागेवर येतो.

डोक्यावरच्या गुरूचा एक तोटा आहे, तो डॉबवाल्यांनाच माहीत. नळी सरळ वर उभी केली की ती आडवी फिरवायला हाताला जोरच मिळत नाही, ग्रह जरासा सरकला तरी पूर्ण बेस गरागरा फिरवावा लागतो. त्यात मोटर नाही, १२० पटीला ग्रह दीड मिनिटात या काठावरून त्या काठावर जातो. पाहुणे रांगेत असले की दर माणसाला मी मधे जाऊन ढकलून देतो. उपाय एवढाच की बरोबर डोक्यावर असतानाची तासाभराची वेळ सोडून द्या, थोडं आधी नाहीतर थोडं नंतर पाहा. आयपीस वरच्या बाजूला असतो, त्यामुळं नळी उभी असली की मोठ्या माणसाला वाकावं लागते आणि पोराला स्टुलावर चढावं लागते. बाजेवर बसून पाहता येईल असं वाटत असेल तं विसरा, बाज लय बुटकी पडते.

ज्या माणसाच्या नावानं ही दुर्बीण आहे त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉन डॉबसन, जन्म १९१५, बीजिंगचा, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण मिशनवाल्या परंपरेत, वीसेक वर्षं संन्यासी होता. मठात राहून टाकाऊ काचेचे आरसे घासायचा, शेवटी याच नादापायी १९६७ ला मठाबाहेर पडावं लागलं, आणि मग फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र-शनी दाखवत बसला. लाकडाचा साधा बेस ही त्याचीच युक्ती. महाग स्टँड नाही म्हणून सगळा पैसा आरशात जातो, आपल्यासारख्याला परवडते ते म्हणूनच.

शनीबद्दल प्रामाणिक सांगायचं तं २०२५ मधे ज्यानं पहिल्यांदा दुर्बीण घेतली त्याची निराशा झाली असणार. शनीची कडी साधारण पंधरा वर्षांनी आपल्याला काठावरून दिसतात, २००९ ला दिसली, मग मार्च २०२५ ला, आणि नोव्हेंबरातही ती इतकी बारीक होती की चकतीतून सुई आरपार घातली आहे असं वाटे. गावातल्या लोकांच्या डोक्यात वर्तमानपत्रातला शनी, त्यांनी पाहून म्हटलं, "हे तं लायनीच हाय." आता २०२६ पासून कडी परत उघडत जातील, दरवर्षी थोडी थोडी, २०३२ च्या आसपास पूर्ण फाकतील. ४ ऑक्टोबर २०२६ ला शनी समोर येतो, म्हणजे दसरा-दिवाळीचा काळ, पाऊस गेलेला, हवा दमट आणि शांत, पहिली दुर्बीण घेणाऱ्यासाठी याच्याहून चांगला मुहूर्त नाही.

शनी दाखवायचा म्हणजे साडेसाती आलीच. आमच्या मावशीनं गुरू पाहिला, चंद्र पाहिला, गुरूला तं हातही जोडले, शनी म्हटलं की पदर डोळ्यावर. "त्याची नजर पडली तं तू निस्तरशील का?" मी म्हटलं मावशी, तो जो दिसतो तो आत्ताचा नाहीच, त्याच्यावरून निघालेला उजेड इथं यायला एक तास दहा मिनिटं लागली, तुझ्याकडं पाहायला त्याला आता उशीर झाला. नाही पटलं. बाकी जे साडेसातीवाले होते ते मात्र मुद्दाम रांग लावून आले, समोरासमोर भेटून घेतो म्हणाले.

मंगळ हा उधारीवाला ग्रह आहे, सव्वीस महिन्यांनी एकदा तोंड दाखवतो. मधल्या काळात तांबडा ठिपका, काही नाही. जानेवारी २०२५ ला जवळ होता, आता १९ फेब्रुवारी २०२७ ला समोर येईल, तेव्हाही चकती गुरूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच, पण ध्रुवावरची पांढरी टोपी आणि काळपट डाग सहा इंचीत दिसायला पाहिजेत. शुक्र फार चमकतो, त्याच्यावर पाहण्यासारखं काही नाही, फक्त त्याच्या कला, चंद्रासारखी कोर होते ती एकदा पाहून ठेवा. दिवस मावळताच पाहा, पूर्ण अंधारात डोळा दिपतो. ९ जून २०२६ च्या आसपास शुक्र आणि गुरू संध्याकाळी पश्चिमेला एकमेकाजवळ येणार आहेत, आपल्याकडं तोपर्यंत पाऊस लागला नसेल तं दुर्बिणीशिवायही मस्त दिसेल. युरेनस २०२६ मधे कृत्तिकांच्या जवळपास, हिरवट-निळी छोटी चकती, पाहिला म्हणून सांगायला ठीक.

चंद्रासाठी लोक कोजागिरीला येतात, दूध पितात आणि दुर्बिणीतून पाहून डोळे चोळतात, नुसता पांढरा गोळा. पौर्णिमेला सूर्य चंद्रावर समोरून पडतो, सावल्याच नसतात, मग खड्डे कुठून दिसणार. अष्टमीच्या आगेमागे या, उजेड-अंधाराच्या रेषेवर एकेक डोंगर आपली सावली टाकून उभा असतो. लोणार पाहिलेल्या माणसाला हे दाखवताना मजा येते, आपलं लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं, ते चंद्रावर असतं तं माझ्या दुर्बिणीत जेमतेम एक टिंब दिसलं असतं, आणि तिथं शंभर-शंभर किलोमीटरचे खड्डे शेजारी शेजारी.

आता तक्रारी. सोबत आलेला दहाचा आयपीस सुमार आहे, मधे ठीक, काठाला ग्रह पसरट होतो. मी नंतर सहाचा वेगळा घेतला, २०० पट होते, चांगल्या रात्री तोच लावून बसतो. दोन पटीचा बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी लावायचं पट वाढवणारं भिंग, तोही घेऊन पाहिला, दहाच्यासोबत २४० पट, असा उपयोग वर्षातून मोजक्या रात्री. फाइंडरचा, म्हणजे नळीवर बसवून नेम धरायच्या साधनाचा, एक स्क्रू खोक्यात आलाच नाही, विकणाऱ्याला मेल केले, फोन केले, पाठवतो पाठवतो म्हणत राहिले, शेवटी गावातल्या सायकलच्या दुकानात जुळणारा सापडला. लाल ठिपक्याच्या फाइंडरला गोल बटण सेल लागतो, घड्याळवाल्याकडं मिळते, बंद करायचा राहिला की सकाळपर्यंत मेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बेस, भुशाच्या दाबलेल्या फळीचा, वरून पांढरा कागदी थर. आपल्या पावसाळ्यात ही फळी फुगणारच. सुताराकडून खालच्या कडांना दोन हात टर्पेंटाईनचं वार्निश मारून घेतलं, खाली रबराचे पाय लावले, तेव्हा धकली. एवढे पैसे घेता तं साधं प्लायवूड द्यायला काय हरकत होती?

आरसे जुळवणं, ज्याला कोलिमेशन म्हणतात, त्याची लोक उगाच भीती घालतात. पिकअपमधून हादरत आलेली दुर्बीण जुळवावीच लागते. एखादा ठळक तारा घ्यायचा, मुद्दाम थोडा फोकसबाहेर करायचा, गोल गोल कडी दिसतात, ती एकामधे एक बरोबर असली तं ठीक, एका बाजूला कललेली असली तं मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. दहा मिनिटांचं काम. हे न करता "शनी धूसर दिसते" म्हणून रेटिंगमधे एक स्टार देणारे मी ऑनलाईन पाहिले आहेत.

२ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला चिनी रॉकेटची धातूची रिंग पडली होती, आगीचे गोळे आमच्याकडूनही दिसले होते, तेव्हापासून दुर्बीण पाहिली की हमखास विचारतात, "याच्यातून सॅटेलाईट दिसते का?" नीट दिसत नाही, म्हणजे अवकाश स्थानक इतकं पळते की हातानं ढकलून मागं राहणं फार कठीण जाते. आणि सूर्याकडं मात्र चुकूनही वळवू नका. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, स्वस्त दुर्बिणीसोबत येणारा आयपीसमधे बसवायचा छोटा काळा फिल्टर, यातलं काहीच चालत नाही, तो छोटा फिल्टर गरमीनं तडकतो आणि डोळा जातो तो कायमचा. नळीच्या तोंडाला बसणारा खरा सोलर फिल्टर असेल तरच. दिवसा नळीवर टोपण लावून खोलीत कुलूप, घरात पोरं असतील तं हे कंपल्सरी.

जून ते सप्टेंबर ही दुर्बीण खोक्यात जाते. दोन्ही टोकांना टोपण, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ठेवायची भिंतीपासून दूर, नाहीतर आरशावर बुरशी धरते. आरसा वरचेवर पुसू नका, थोडी धूळ असली तरी चित्राला काही होत नाही, ओरखडा पडला की मात्र गेला. घ्यायची असेल तं ऑगस्टमधे ऑर्डर टाका, ट्रान्सपोर्टवाल्याचा वेळ, स्क्रू हरवायचा वेळ, सुताराचा वेळ सगळा धरला तरी ऑक्टोबरच्या शनीला तयार राहते.